चाकाचे तुटलेले स्टड : एक बदलावा की चारही?

वाहन शंका-समाधान

प्रश्न : माझ्याकडे १९९८ सालची मारुती ८०० असून ती आजही रोजच्या वापरात आहे. गेल्या आठवड्यात सप्तशृंगी गडावरून परतताना दिंडोरी ओलांडल्यावर मागच्या डाव्या चाकातून ‘टक्-टक्’ असा आवाज येऊ लागला. घरी येऊन पाहिले, तर चारपैकी एक स्टड (चाकाचा नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) नटासकट तुटून पडलेला होता आणि दुसऱ्या स्टडचे आटे गेलेले होते. महिन्यापूर्वीच मागचे दोन्ही टायर बदलले होते. एका मिस्त्रींनी ड्रमच्या (चाकामागच्या, ब्रेक आत असलेल्या वाटीच्या) मागून साधा बोल्ट घालून त्याचे डोके वेल्डिंगने पक्के करून देतो असे सांगितले. दुसऱ्यांच्या मते तुटलेला तेवढा एक स्टड बदलला की काम झाले. कोणाचे ऐकावे? तोवर उरलेल्या नटांवर पुण्याला जाऊन येता येईल का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते थांबण्यासारखे नाही. पुण्याला जाऊ नका. एक स्टड तुटलेला आणि दुसऱ्याचे आटे गेलेले, म्हणजे ते चाक आज दोनच स्टडवर उभे आहे. गाडी जागच्या जागी दुरुस्त करून घेणे उत्तम. ते शक्य नसेल तर जवळच्या गॅरेजपर्यंत अगदी सावकाश न्यावी किंवा टोइंग करून न्यावी. वेल्डिंग कोणत्याही परिस्थितीत करू नये. आणि स्टड बदलायचे ते त्या चाकाचे चारही.

चारही का, हे समजण्यासाठी स्टड नेमके काय काम करतो ते पाहावे लागेल. गाडीचे वजन स्टडवर टांगलेले असते, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात नट आवळल्यावर स्टड किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळे चाकाची तबकडी ड्रमच्या किंवा हबच्या (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाच्या) सपाट तोंडावर दाबून धरली जाते. गाडीचे वजन, ब्रेकचा धक्का आणि वळणावरचा रेटा हे सारे त्या दोन पृष्ठभागांमधले घर्षण पेलते. बारा मिलिमीटरचा स्टड, स्वच्छ आणि कोरडे आटे, ऐंशी न्यूटन-मीटरची (न्यूटन-मीटर हे आवळण्याच्या जोराचे माप) आवळणी असा हिशेब केला, तर एकेका स्टडमध्ये तीन टनांच्या आसपास ताण निर्माण होतो. आपली अख्खी गाडी रिकामी असताना साडेसहाशे किलोच्या आसपास भरते, हे लक्षात घेतले म्हणजे नीट आवळलेले चाक किती पक्के असते याची कल्पना येईल. मात्र हा ताण गेला की घर्षणही जाते, चाक ड्रमवर सूक्ष्म हालू लागते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक स्टड एकदा इकडे, एकदा तिकडे वाकतो. पोलाद अशा उलटसुलट वाकण्यापुढे फार काळ तग धरत नाही. एका स्टडला तडा गेला की त्याचा वाटा शेजारच्यांवर पडतो. म्हणून एक तुटलेला दिसतो तेव्हा उरलेले तीनही बरेच काही सोसून बसलेले असतात, आणि ते बाहेरून दिसत नाही.

ड्रममध्ये राहिलेल्या तुकड्याचे तुटलेले तोंड चिंधीने पुसून उजेडात बारकाईने पाहावे, असे मी आवर्जून सुचवेन. तोंडाचा बराचसा भाग गुळगुळीत, थोडा काळपट किंवा गंजलेला असून त्यावर एका कडेपासून आत सरकत गेलेल्या कमानीसारख्या रेषा असतील आणि उरलेला लहानसा भाग खडबडीत, चकाकता असेल, तर तडा हळूहळू वाढत गेला होता आणि उरलेला भाग अखेरच्या धक्क्याला तुटला. याचा अर्थ नट बराच काळ सैल होता. याउलट स्टडची मान तुटण्याच्या जागी बारीक झालेली, म्हणजे ओढून लांबवल्यासारखी दिसत असेल, तर तो प्रमाणाबाहेर आवळल्यामुळे गेला. कारण कोणते ते कळल्याशिवाय नवे स्टड बसवले, तर त्यांचीही तीच गत होणार.

आपण टायर महिन्यापूर्वीच बदलले आहेत, त्यामुळे माझा संशय तिकडेच जातो. टायरच्या दुकानात वेळ वाचवण्यासाठी हवेच्या दाबावर चालणारी गन वापरतात. गनने नट सोडवायला हरकत नाही. पण गनने तो थेट शेवटपर्यंत आवळला, तर किती जोर पडला हे चालवणाऱ्यालाही सांगता येत नाही. रस्त्याकडेचा पंक्चरवाला गन वापरत नाही, तो पान्यावर उभा राहतो. सत्तर किलोचा माणूस अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकावर उभा राहिला, तर नटावर साडेतीनशे न्यूटन-मीटरच्या घरात जोर पडतो. बारा मिलिमीटरच्या स्टडला गाडीनुसार साधारण ऐंशी ते एकशेदहा न्यूटन-मीटर पुरतात, आणि जुन्या हलक्या गाड्यांच्या पुस्तिकेत याहून कमी आकडाही असू शकतो. आपल्या पुस्तिकेतला आकडा तोच अंतिम मानावा. तिप्पट-चौपट जोराने स्टड त्याच क्षणी तुटला तर एक वेळ बरे, कारण ते निदान दिसते. बहुधा तो कायमचा ताणला जातो, आट्यांमधले अंतर वाढते, आणि पुढच्या वेळी नट हाताने निम्मा सहज जातो व मग विनाकारण घट्ट होतो. अशा स्टडवर डाय (आटे पाडण्याचे हत्यार) मारून आटे साफ करून देणारे कारागीर आहेत, पण ताणलेले पोलाद डाय मारल्याने पूर्ववत होत नाही.

दुसरी शक्यताही तपासावी. टायर बदलताना चाकाच्या आणि ड्रमच्या तोंडावरचा गंज, चिखल किंवा रंगाचा जाड थर साफ न करताच चाक चढवले असेल, तर आवळताना नट घट्ट लागतो, पण शे-दोनशे किलोमीटरमध्ये तो थर चिरडून पातळ होतो आणि नट आपोआप सैल पडतो. चाकाला हौसेने जाड रंग काढून घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. नट बसतो त्या उतरत्या खोबणीत आणि मागच्या सपाट तोंडावर रंग नको.

आता वेल्डिंगविषयी. चाकाचा स्टड उष्णताप्रक्रिया केलेल्या पोलादाचा असतो आणि त्याची ताकद त्या प्रक्रियेत असते. वेल्डिंगच्या उष्णतेने डोक्याजवळचा भाग कुठे मऊ, कुठे ठिसूळ होतो, आणि त्या भागालाही मोठा ताण सोसावा लागतो. त्यात आपल्या गाडीचा ड्रम बिडाचा. बिडावर असे वेल्डिंग केले की शेजारी तडे जाण्याचा धोका वेगळाच. हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या बोल्टाला डोक्याखालचा दातेरी भागही नसतो, त्यामुळे तो छिद्रात घट्ट बसत नाही. हा उपाय सुचवणाऱ्या मिस्त्रींचा हेतू वाईट असेल असे नाही, पण ब्रेक आणि चाक या दोन जागी जुगाड मला मुळीच मान्य नाही.

काम कसे व्हावे ते सांगतो, म्हणजे समोर उभे राहून करून घेता येईल. आपल्या गाडीत मागच्या चाकाचे स्टड ड्रममध्येच दाबून बसवलेले असतात आणि बेअरिंगही त्याच ड्रममध्ये असते. त्यामुळे गाडी सपाट जागेवर उभी करून, पुढच्या चाकांना ती घरंगळू नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी ओट लावून, हँडब्रेक सोडून आणि गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवून मग मधली टोपी, स्प्लिट पिन आणि नट काढून ड्रम ओढून घ्यावा लागतो. आतली ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती ओल्या फडक्याने पुसून काढावी. ड्रम उघडलाच आहे, तर ब्रेक शू, व्हील सिलिंडरची गळती आणि बेअरिंगचे सील एकदा पाहून घ्यावे.

ड्रम हातात आल्यावर स्टड घणाने ठोकून काढायचा मोह होतो. तो टाळावा, कारण बीड ठोक्याने चिरते, आणि बेअरिंग आत असताना ठोकले तर त्याच्या कड्यांवर गोळ्यांचे ठसे उमटतात व पुढे ते घोंघावू लागते. नाशिककरांना एक सोय आहे : सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत हायड्रॉलिक प्रेस असलेली लहान वर्कशॉप पुष्कळ आहेत. ड्रम तिथे न्यावा, ज्या स्टडवर दाब द्यायचा त्याच्या अगदी भोवती खालून पाईपच्या जाड तुकड्याचा आधार द्यावा, आणि जुना स्टड सरळ दाबून बाहेर काढावा. जुन्या स्टडच्या दातांनी छिद्रात रेघा पाडलेल्या असतात. नवा स्टड मागून घालून हळूहळू फिरवला की त्याचे दात त्या रेघांत बसल्याचे बोटांना जाणवते. मग तो दाबावा. डोके मागच्या तोंडाला सर्व बाजूंनी टेकले पाहिजे. एका बाजूला कागदाची घडी जाईल एवढी जरी फट राहिली, तरी पहिल्या काही किलोमीटरमध्ये स्टड आत सरकतो आणि नट सैल होतो.

प्रेस मिळाला नाही, तर स्टडवर जाड वॉशरची चळत चढवून त्यावर एक जुना नट सपाट बाजू आत करून लावतात आणि पान्याने आवळत स्टड आत ओढून घेतात. ही पद्धत चुकीची नाही, पुढच्या चाकाला तर बरेचदा हीच वापरावी लागते. फक्त वॉशरच्या मध्ये थोडे ग्रीस लावावे, काम हाताच्या पान्याने करावे, गन लावू नये, आणि त्यासाठी वापरलेला नट नंतर फेकून द्यावा. नवा स्टड छिद्रात हाताने सहज जात असेल किंवा आवळताना गोल फिरत असेल, तर छिद्र मोठे झाले आहे. काही गाड्यांसाठी किंचित जाड दातेरी भागाचे स्टड मिळतात, पण आपल्या गाडीला ड्रमच बदलणे शहाणपणाचे ठरेल.

खरेदीला जाताना जुना न तुटलेला स्टड बरोबर न्यावा आणि दुकानदाराच्या व्हर्नियरने (बारीक मापे घेण्याच्या साधनाने) दातेरी भागाचा व्यास, लांबी आणि आटे ताडून घ्यावेत. मारुतीचा आटा १२ मिलिमीटर आणि १.२५ पिचचा (पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले मिलिमीटरमधले अंतर) असतो. टोयोटा, होंडा, ह्युंदाई यांच्या बहुतेक गाड्यांचा १२ मिलिमीटरच, पण १.५ पिचचा. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. पिच चुकले, तर नट दोन-तीन फेरे जातो आणि अडतो, मग कोणीतरी गन लावतो. नटही नवेच घ्यावेत, कारण आटे गेलेल्या स्टडवरून निघालेला नट नव्या स्टडचे आटे खातो.

चाक चढवताना प्रत्येक नट आधी बोटांनी फिरवावा. १.२५ पिचला निदान आठ फेरे पकड मिळाली पाहिजे. मग समोरासमोरच्या क्रमाने हलके आवळून, गाडी खाली घेऊन, टॉर्क पान्याने (किती जोर पडतो ते दाखवणाऱ्या पान्याने) दोन टप्प्यांत पूर्ण आवळावे. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावण्याबद्दल मिस्त्रींमध्ये दोन तट आहेत. माझे मत असे की कंपनीने सांगितले नसेल तर लावू नये; तारेच्या ब्रशने साफ करावे, बस. तेलकट आट्यांवर तोच टॉर्क दिला, तर स्टडमध्ये ताण बराच जास्त उतरतो, म्हणजे पुन्हा जास्त आवळल्यासारखेच झाले. पन्नास ते शंभर किलोमीटर चालवून चाक थंड असताना पुन्हा टॉर्क पाना लावावा. ही फेरतपासणी नव्या स्टडच्या बाबतीत ऐच्छिक समजू नये. त्याच वेळी टायर बदललेल्या उजव्या मागच्या चाकाचेही नट काढून स्टड पाहून घ्यावेत. दोन्ही टायर एकाच हाताने बसवलेले आहेत.

प्रश्न : आमच्या घरी वडिलांच्या काळातील जुनी महिंद्रा जीप आहे. देवळालीतच पंक्चर काढताना डाव्या चाकाचे नट सुटेनात, म्हणून पान्याला पाईप लावला, तर पाचपैकी दोन स्टड कट्कन तुटले. गंजामुळे असे झाले असेल का? उजव्या बाजूचे नट मात्र सहज सुटले.
– एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : गंज असेलही, पण ‘उजव्या बाजूचे सहज सुटले’ या आपल्या वाक्यातच कारण दडले आहे. महिंद्रांनी १९४७ मध्ये विलीस जीपची जुळणी सुरू केली, आणि त्या घराण्यातल्या जुन्या जीपना डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. पंक्चर काढणाऱ्याने नेहमीच्या सवयीने पाना डावीकडे फिरवला, म्हणजे प्रत्यक्षात तो नट सोडवत नव्हता, आवळत होता. पाईप लावल्यावर स्टड तुटले ते त्यामुळे. गाडी पुढे जाताना डावे चाक बाहेरून पाहणाऱ्याला घड्याळाच्या उलट दिशेने फिरताना दिसते, त्यामुळे सैल पडलेला सरळ आट्याचा नट तिथे आणखी सुटत जाण्याकडे कल असतो. सायकलच्या डाव्या पेडललाही याच जातीच्या कारणासाठी उलटा आटा असतो. पुढे शंकूच्या आकाराच्या नटांनी हा प्रश्न बराचसा सोडवला आणि हलक्या गाड्यांमधून उलटे आटे गेले.

ओळखण्याची खूण सोपी आहे. स्टडच्या टोकावर बऱ्याचदा इंग्रजी ‘एल’ अक्षर कोरलेले असते. अक्षर झिजले असेल, तर तुटलेला तुकडा उभा धरून पाहावा : आट्यांच्या रेघा उजवीकडे चढत असतील तर आटा सरळ, डावीकडे चढत असतील तर उलटा. या जीपचे स्टड अर्धा इंची, एका इंचात वीस आटे अशा मापाचे असतात. १२ मिलिमीटरचा स्टड ‘जवळपास तेवढाच’ म्हणून कोणी देऊ केला, तर घेऊ नये, कारण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, आणि तो फरक आट्यांच्या पकडीतून जातो.

आपल्या जीपच्या बाबतीत आणखी एक अडचण येऊ शकते. अशा जुन्या रचनेत हब आणि ड्रम एकमेकांना धरून ठेवण्यासाठी स्टडची कॉलर ड्रमच्या बाजूने ठोकून पसरवलेली असते. ती पसरवलेली कड आधी लेथवर किंवा योग्य मापाच्या पोकळ कटरने उडवल्याशिवाय स्टड मागे दाबला, तर जाता जाता तो हबचे छिद्र मोठे करून जातो आणि मग नवा स्टड धरत नाही. त्यामुळे हे काम जीपच्या जाणत्या मिस्त्रींकडेच द्यावे. दुकानात उलट्या आट्याचे स्टड न मिळाल्यास काही जण त्या चाकाचे पाचही स्टड व नट सरळ आट्याचे बसवून घेतात. शंकूचे चांगले नट आणि योग्य आवळणी असेल, तर ते चालते. पण एकाच चाकावर तीन उलटे आणि दोन सरळ असा मेळ कधीही ठेवू नये. आपण उलटेच आटे ठेवणार असाल, तर डाव्या चाकांच्या रिमवर ठळक रंगाने ‘उलटे आटे’ असे लिहून घ्यावे, म्हणजे पुढच्या पंक्चरवाल्याला ते सांगावे लागणार नाही.

प्रश्न : जुन्या गाडीला दुसऱ्या कंपनीच्या गाडीची वापरलेली अलॉय चाके बसवली आहेत. लोखंडी चाकांचेच नट वापरले, तर चालेल का? एक नट आता स्टडसकट नुसताच गोल फिरतो, त्यामुळे चाकही निघत नाही.
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : नट चाकात कसा टेकतो यावर सारे अवलंबून आहे. बहुतेक चाकांना शंकूसारखी उतरती बैठक असते, होंडाच्या चाकांना गोलाकार, तर टोयोटाच्या काही अलॉय चाकांना सपाट वॉशर आणि लांब मानेचा नट लागतो. बैठक जुळली नाही, तर नट एका बारीक कडेवर टेकतो, ॲल्युमिनियम दबते आणि नट सैल होतो. अलॉयची तबकडी जाड असल्याने आट्यांची पकडही कमी मिळते, म्हणून नट किती फेरे जातो ते मोजावे, १.५ पिचला निदान साडेसहा फेरे हवेत. चार छिद्रांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर आणि ११४.३ मिलिमीटर अशा दोन मापांचा सर्रास आढळतो. ही दोन मापे जुळवण्यासाठी चाक आणि हबच्या मध्ये घालतात त्या जाड चकत्या, म्हणजे स्पेसर, मी वापरू देणार नाही.

गोल फिरणाऱ्या नटाचे म्हणाल, तर स्टडचे दात छिद्रात मोकळे झाले आहेत. चाक हातोड्याने ठोकू नये. बाकीचे नट सैल करून चाक बाहेरच्या बाजूला ओढून धरले, तर स्टडच्या दातांवर ताण येऊन कधी कधी तो पुन्हा धरतो आणि नट सुटतो. नाहीच सुटला, तर बाकीचे नट परत हाताने लावून, स्टडच्या मध्यावर पंच मारून आधी बारीक, मग जाड ड्रिलने स्टड पोखरत न्यावा, म्हणजे नट गळून पडतो. वेळ लागतो, ड्रिलची पाती बोथट होतात, पण चाक वाचते. गॅसकटर लावू देऊ नये, त्याने अलॉय, टायर आणि बेअरिंग तिन्ही जातात. चाक निघाल्यावर तो स्टड बदलताना हबच्या छिद्राची तपासणी वर सांगितल्याप्रमाणेच करून घ्यावी.